विसावी केस

"हलू नकोस बायडा. जरासुद्धा हलू नकोस."

मी तिला बजावत होते. माझा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत तिच्या आत होता आणि दोन बोटांच्या मध्ये काहीतरी जाडसर, बुळबुळीत आलं होतं, भिजलेल्या दोरासारखं. त्या दोरात ठोके पडत होते. भराभर, माझ्या नाडीच्या दुप्पट वेगानं.

ती बाळाची नाळ होती.

आमच्या पुस्तकात हे जेमतेम अर्ध्या पानात लिहिलेलं होतं आणि वर्गात उजगरे मॅडमनी ते आमच्याकडून तीनदा म्हणून घेतलं होतं. डोक्याच्या आधी नाळ खाली आली, की डोकं आणि आईचं हाड यांच्यामध्ये ती चेपते, बाळाला मिळणारं रक्त थांबतं आणि काही मिनिटांत सगळं संपतं. करायचं एकच. हात आत घालून डोकं वर रेटून धरायचं आणि ऑपरेशन करून बाळ बाहेर निघेपर्यंत तो हात काढायचा नाही. ऑपरेशन होणारं जिल्ह्याचं रुग्णालय आमच्यापासून चौतीस किलोमीटरवर होतं.

"रणपिसे सिस्टर!" मी ओरडले. "सिस्टर, नाळ आली!"

ही गोष्ट सत्त्याऐंशीच्या मार्चमधली. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमची महिनाभराची खेड्यातली ड्यूटी माणदेशातल्या एका आरोग्य केंद्रात लागली होती. चार खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा, आणि भोवती नुसता तापलेला माळ. त्या दिवशी आमचा महिना संपत होता. दोन वाजता आम्हाला परत जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या हॉस्टेलवर न्यायला गाडी यायची होती. माझी जोडीदारीण शालन सामान बांधायला खोलीवर गेली होती. डॉक्टर मीटिंगला गेले होते. रणपिसे सिस्टर, म्हणजे त्या केंद्राच्या नर्सबाई, पुढच्या व्हरांड्यात लस टोचत बसल्या होत्या, कारण बुधवार होता आणि तीस-चाळीस बाया पोरं घेऊन बसल्या होत्या.

सिस्टर धावत आल्या. हातात अजून सिरिंज होती. त्यांनी एक नजर टाकली आणि सिरिंज खिडकीत ठेवली.

"ठोके आहेत?"

"आहेत."

"पाणी कधी गेलं?"

"आत्ताच."

"आपोआप?"

"हो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, क्षणभरच. मग दाराकडे वळून त्यांनी अशी हाक मारली की व्हरांड्यातली पोरं रडायची थांबली. "मुलाणीमामा! गाडी काढा! मागची गादी टाका आत!"

बायडाला तिसरं वर्ष लागलं होतं लग्नाला. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं मूल घरीच झालं होतं आणि आठव्या दिवशी गेलं होतं, म्हणून या खेपेला सासूनं हट्टानं दवाखान्यात आणली होती. सासूचं नाव ठकूबाई. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही बायडाला टेबलावरून खाली घेऊन गुडघ्यांवर ओणवं केलं, डोकं खाली, कंबर वर, तेव्हा ठकूबाई आडवी आली.

"आवं, ही काय तऱ्हा? काय केलंसा पोरीला?"

"बाळाची नाळ खाली आलीय आजी," सिस्टर म्हणाल्या. "हिनं हात काढला तर बाळ जाईल. ऑपरेशनला न्यायचंय. तुम्ही डोक्याकडनं धरा."

ठकूबाईनं पदर खोचला आणि सुनेच्या खांद्याखाली हात घातला.

चादरीचे चार कोपरे चौघींनी धरले, लस टोचायला आलेल्या दोन बायाही त्यात होत्या, आणि मी वाकून, खेकड्यासारखी तिरकी चालत, हात न हलवता जीपपर्यंत गेले. जीपमध्ये दोन समोरासमोर बाकडी, मध्ये गादी. गादीवर बायडा ओणवी, तिच्या तोंडाशी ठकूबाई, बाकड्यावर सिस्टर, आणि मी मागच्या फळीला पाठ लावून गुडघ्यांवर. मुलाणीमामांनी दार लावलं ते माझ्या पाठीला घासून लागलं.

"पोरी, टेकून बस," ते म्हणाले. "खड्डे मी बघतो, तू तुझं बघ."

पहिले नऊ किलोमीटर खडीचा रस्ता. जीप हळू चालवली तर वेळ जाणार, जोरात चालवली तर माझा हात सुटणार. मामा मधल्या कुठल्या तरी वेगानं निघाले.

कळ यायची तेव्हा डोकं खाली दाबायचं. माझी दोन बोटं त्या डोक्यावर टेकलेली, आणि ते डोकं दगडासारखं बोटांवर उतरायचं. हाडं आता मोडतील असं वाटायचं. नाळेतले ठोके मंद व्हायचे, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एक. कळ ओसरली की पुन्हा भराभर सुरू व्हायचे.

"ठोके?" सिस्टर विचारायच्या. त्यांच्या डाव्या हातात घड्याळ.

"एकशे वीस."

"आता?"

"ऐंशी. कमी होतायत सिस्टर."

"रेट वर. बायडा, जोर करायचा नाही. तोंडानं फू फू कर. मेणबत्ती विझवल्यासारखी. आजी, तुम्ही पण करा तिच्याबरोबर."

आणि ठकूबाई सुनेच्या कपाळाला कपाळ लावून फू फू करायला लागली. दोघींच्या चेहऱ्यांवरून घाम गळत होता. बायडा ओरडत नव्हती. ती फक्त गादीचं कापड दातांत धरायची आणि सोडायची.

"किती राहिलं?" तिनं एकदाच विचारलं.

"थोडंच," ठकूबाई म्हणाली. पाच किलोमीटरही झाले नव्हते.

पंधरा मिनिटांनी माझ्या कोपरात गोळा आला. आधी मुंग्या, मग दंडापर्यंत आग. पाठीचा कणा वाकडा होऊन अडकला होता. मी दात आवळले, पण डोळ्यांतून पाणी आलंच.

"मी घेऊ?" सिस्टरनी विचारलं.

"नको. बदलताना डोकं खाली येईल."

"ते खरंच." त्या बाकड्यावरून खाली सरकल्या, माझ्या शेजारी गुडघे टेकले आणि आपले दोन्ही तळवे माझ्या कोपराखाली धरले. "भार टाक माझ्यावर. टाक सगळा."

मी टाकला. उरलेला सगळा रस्ता त्या तशाच बसल्या. खड्ड्यात जीप आपटली की त्यांचं डोकं बाकड्याच्या कडेवर आपटायचं आणि त्या तोंडातून आवाज काढायच्या नाहीत. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

खडी संपून डांबरी रस्ता लागला तेव्हा मामा म्हणाले, "आता उडवतो." आणि दोन किलोमीटरवर ब्रेक लागले.

रस्त्याचं काम चाललं होतं. पिंपं आडवी लावलेली, एक रोलर, आणि पुढे लांबवर काळं, ओलं, वाफाळणारं डांबर. बाजूनं काढलेला कच्चा रस्ता शेतातून गेला होता, नांगरटीसारखा.

"खालनं जावा!" मुकादम ओरडला. "आत्ताच टाकलंय!"

"खालनं गेलो तर एक जीव जाईल," मामा म्हणाले.

"आन् वरनं गेलात तर माझी नोकरी जाईल."

मामा खाली उतरले. मला मागून काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. पिंप गडगडत गेल्याचा आवाज. मग दुसरं पिंप. मुकादम काहीतरी बोलायला लागला आणि मध्येच थांबला. त्यानं मागच्या खिडकीतून आत बघितलं असावं.

"जावा," तो म्हणाला. "जावा जावा. ए, रोलर बाजूला घे!"

पण रोलर बाजूला व्हायला वेळ लागला, आणि त्याच वेळात कळ आली. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. डोकं खाली आलं, माझी बोटं मागे सरकली, आणि ठोके थांबले.

"ठोके?"

मी बोटानं नाळ चाचपत होते.

"शोभना. ठोके?"

"नाहीत."

सिस्टरनी घड्याळाकडं बघितलं. "रेट."

"रेटतेय."

"अजून रेट! तिला दुखू दे!"

मी आयुष्यात कुणाला इतकं निर्दयपणे दुखवलं नसेल. खांद्यातून, पाठीतून, होती नव्हती ती सगळी ताकद लावून मी त्या डोक्याला वर ढकललं. बायडाच्या तोंडातून कापड सुटलं आणि ती जनावरासारखी ओरडली. ठकूबाईनं तिला छातीशी आवळून धरलं. जीप पुढं सरकली. खाली डांबर चरचरत होतं.

"वीस सेकंद," सिस्टर म्हणाल्या. "तीस. चाळीस."

ठकूबाई माझ्याकडे बघत होती. "बाय, जीव हाय न्हवं?"

पन्नास म्हणायच्या आधी बोटाला एक टपका लागला. मला वाटलं, माझ्याच बोटाची नाडी. मग दुसरा. मग तिसरा, जरा लवकर.

"आहे," मी म्हटलं. "आजी, आहे!"

ठकूबाईनं पदरानं माझं तोंड पुसलं, घाम, शेंबूड, सगळं, जसं लेकराचं पुसतात. "तू काढू नगंस हात," ती म्हणाली. "काय बी हुंदे. तू काढू नगंस."

जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा स्ट्रेचरवर बायडाबरोबर मलाही चढवलं. व्हरांड्यातून लोक भिंतीला चिकटून वाट देत होते. ऑपरेशन थिएटरात नेईपर्यंत डॉक्टर कुंटे हात धुऊन आल्या. बायडाला उताणं केलं, पाय वर घेतले, भूल दिली, वरून हिरवं कापड टाकलं, आणि त्या कापडाखाली मी, टेबलाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर, हात तसाच. आत हिरवा अंधार होता. वरून आवाज येत होते.

"हात आहे ना पोरी?"

"आहे मॅडम."

"मी सांगेपर्यंत काढू नकोस."

मग कितीतरी वेळ हत्यारांची किणकिण. आणि एकाएकी बोटांवरचा भार गेला. ते डोकं, जे तासभर माझ्या बोटांवर बसलं होतं, ते कुणीतरी वरून उचलून नेलं.

"काढ आता."

मी हात काढला, पण कापडाखालून बाहेर आले नाही. रडण्याचा आवाज येत नव्हता. कुणीतरी पाठ चोळत होतं, कुणीतरी नळी मागत होतं. मी आकडे मोजायला लागले, एकतीस, बत्तीस. एकेचाळीसला मांजराच्या पिलासारखा आवाज आला, मग जरा मोठा, आणि मग चांगलाच रागावलेला.

"मुलगी," कुणीतरी म्हणालं.

हातमोजा कापून काढावा लागला. बोटं सुजून आखडली होती, सरळ होईनात. ऑपरेशनच्या सिस्टरनी माझा हात कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवला आणि मला स्टुलावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर मेट्रननी मला पुढं बोलावलं आणि तिन्ही वर्षांच्या मुलींसमोर सांगितलं की या हाताकडे नीट बघून घ्या. टाळ्या वाजल्या. डॉक्टर कुंटेंनी राउंडच्या वेळी शिकाऊ डॉक्टरांना माझं नाव सांगितलं. ठकूबाई वॉर्डाच्या दाराशी माझी वाट बघत बसायची. "पोरीचं नाव शोभना ठिवणार," तिनं सगळ्या वॉर्डाला जाहीर केलं होतं. बाळ काचेच्या पेटीतून बाहेर येऊन आईजवळ गेलं होतं, दूध ओढत होतं.

उजगरे मॅडम आम्हाला प्रसूतीशास्त्र शिकवायच्या. पांढरी स्वच्छ साडी, करकरीत आवाज, आणि कौतुक म्हणून फक्त मान हलवायची सवय. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं केलंस गुरव. ही केस सविस्तर लिही. सोमवारी सगळ्यांसमोर वाचायची."

मी लिहायला बसले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. तिसरं वाक्य असं लिहायचं होतं, की बारा चाळीसला पाण्याची पिशवी आपोआप फुटली. हात दुखतोय म्हणून मी पेन खाली ठेवलं. हात खरंच दुखत होता.

शनिवारी रणपिसे सिस्टर आल्या. मी वॉर्डातून कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाले होते, त्या जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या. इस्त्रीची साडी नेसल्या होत्या, गणवेश नव्हता. कपाळाच्या कडेला बाकड्यानं झालेली काळीनिळी खूण होती.

"बाळ बघून आले," त्या म्हणाल्या. "छान आहे."

"हो."

"मला मेमो आलाय. शिकाऊ मुलीला एकटं सोडून जागेवरून का गेलात. आणि तपासलं होतं तर धोका कसा कळला नाही. सात दिवसांत खुलासा द्यायचा. आज जबाबाला बोलावलं होतं."

मी गाठोडं छातीशी धरून उभी राहिले.

"एकोणीस वर्षं झाली मला," त्या म्हणाल्या. "कधी कागद आला नव्हता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ट्रेमधला कोचर मी धुऊन ठेवला, शोभना. टोकाला रक्त होतं आणि पिशवीचा तुकडा होता."

कोचर म्हणजे दाताचा लांब चिमटा. पिशवी फोडायला तो वापरतात.

मी सांगितलं नव्हतं ते हे. परीक्षेला बसायचं तर वहीत वीस बाळंतपणं नोंदलेली लागायची, स्वतःच्या हातानं केलेली. शालनची बावीस झाली होती. माझी एकोणीस. वीस झाली नाहीत तर सहा महिने मागे राहायचं, सगळ्या मैत्रिणी नोकरीला लागल्यावर खालच्या वर्गाबरोबर बसायचं. बायडा ही माझी विसावी होती आणि दोन वाजता गाडी येणार होती. साडेअकराला रणपिसे सिस्टरनी तिला तपासलं होतं आणि हात धुताधुता मला स्पष्ट सांगितलं होतं, "डोकं अजून वर आहे. तरंगतंय. पिशवीला हात लावायचा नाही. मी लस संपवून येते, तोवर फक्त ठोके बघ." मी हो म्हटलं होतं. साडेबाराला पुन्हा घड्याळ बघितलं. कळा जोराच्या होत्या, पण डोकं उतरत नव्हतं. पिशवी फोडली तर उतरेल, असं मी मनाशी ठरवलं. पाण्याचा लोट आला, आणि त्या लोटाबरोबर नाळ.

"तुम्ही जबाबात सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगू? तुझ्यावर सगळं रुग्णालय टाळ्या वाजवतंय. मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःची चूक पोरीवर ढकलते." त्यांनी पर्स खांद्यावर घेतली. "आणि मला ते माझ्या तोंडानं सांगायचं नाही. तुझं कोपर धरलेल्या माझ्या हातांना अजून कळ लागतेय. तू पण त्या जीपमध्ये होतीस, मी पण होते. पण ‘आपोआप’ विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस ना, ते मला लागलं. तिथं तरी खरं बोलायचंस."

त्या जिना उतरून गेल्या. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

उजगरे मॅडमच्या खोलीचं दार उघडंच असायचं. मी आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कोचरपासून जबाबापर्यंत. मध्ये कुठे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डोकं वर असताना पिशवी का फोडत नाहीत?"

"नाळ खाली येऊ शकते म्हणून."

"हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मी शिकवलं होतं?"

"तीनदा."

त्यांनी खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. बाहेर पहिल्या वर्षाच्या मुली दोरीवर चादरी वाळत घालत होत्या.

"बस आणि लिही," त्या म्हणाल्या. "तारीख, वेळ, सगळं. रणपिसे सिस्टरनी काय सांगितलं होतं ते त्यांच्याच शब्दांत लिही. ते मी आज वर पाठवते, म्हणजे त्यांचा मेमो जाईल. ही केस तुझ्या वहीत धरली जाणार नाही. परीक्षा सहा महिन्यांनी. कदाचित त्याहून जास्त काही होईल, ते माझ्या हातात नाही."

"हो मॅडम."

"सोमवारी वाचन होईलच. तिन्ही वर्षांसमोर. हेच वाचायचं."

मी मान हलवली. माझी बोटं अजून नीट मिटत नव्हती, अक्षर वेडंवाकडं आलं. लिहून झाल्यावर कागद पुढं केला. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "मला सांगितलंस. जिचं पोट कापलं तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग?"

त्या एका शब्दावर मी बाहेर पडले.

सोमवारी वाचन झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शालन शेजारी बसली होती, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. बायडाकडे मात्र माझे पाय वळेनात. सोमवार गेला, मंगळवार गेला. ठकूबाई दारात बसून हाक मारायची, "शोभनाबाय, ये की, तुझ्या नावाची बघ कशी हसायला लागली," आणि मी काम आहे म्हणून पुढं जायचे.

बुधवारी दुपारी गेले. जेवणं झाली होती, वॉर्ड पेंगत होता. बायडा कुशीवर पडून बाळाला पाजत होती. ठकूबाई खाली जमिनीवर लंगोट घड्या घालत होती. मी खाटेशी उभी राहिले.

"बायडा, तुला एक सांगायचंय. तुझं पाणी आपोआप गेलं नव्हतं. ती पिशवी मी फोडली. फोडायला नको होती, सिस्टरनी नको म्हणून सांगितलं होतं. मला तुझं बाळंतपण माझ्या हातानं, गाडी यायच्या आत करायचं होतं. म्हणून नाळ खाली आली."

ठकूबाईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत जीपमधलं काही उरलं नव्हतं. घडी अर्धी टाकून ती उठली आणि वॉर्डाबाहेर गेली. ती मला पुन्हा कधी हाक मारणार नव्हती. मुलीचं नावही शोभना ठेवलं नाही. पुढं मी जन्माच्या रजिस्टरात मुद्दाम बघितलं. संगीता.

बायडा बाळाकडे बघत होती.

"म्हंजे माझं पोट कापाय लागलं ते तुझ्यापायी?"

"हो."

"आन् ही मेली असती तर?"

"तर तेही माझ्यामुळे."

बाळाच्या तोंडातून दूध सुटलं. तिनं ते परत नीट लावून दिलं. वॉर्डात कुणाच्या तरी नातेवाइकाचा खोकला, बाहेर ट्रॉलीची कुरकुर. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल, आणि मी त्याचीच वाट बघत होते. तिनं म्हटलं असतं तर सुटले असते.

"मला कुठनं कळणार हुतं?" ती म्हणाली. "न सांगती तर?"

"कळलं नसतं."

"मग?"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच नीट. आजवर तिनं माझा चेहराच बघितला नव्हता. टेबलावर उताणी होती तेव्हा डोळे मिटलेले, नंतर सगळा वेळ ओणवी.

"उद्या टाकं काढायचं म्हणत्यात," ती म्हणाली. "सकाळच्या बाईला इचारलं दुखंल का, तर म्हणली अजिबात न्हाय. पलीकडच्या बाईचं काढलं तवा ती वराडली वराडली. समद्या असंच सांगत्यात." तिनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं, पोटावर हात धरून, हळूच. "तू यिऊन काढ. तू सांग मला, दुखंल का?"

"दुखेल," मी म्हटलं. "पहिले दोन जास्त. मग सवय होते."

"बरं," ती म्हणाली.